पहिला ओवसा

श्रावण सरत आला की आवडाबाईच्या अंगात काम संचारायचं. एरवी गुडघे धरून उठणारी ही बाई गणपतीच्या आधी शिडीवर चढून भिंतीला चुना फासायची, आणि खालून कोणी "पडशील गो" म्हटलं तर "पडले तर माजी मी पडेन, तू बादली धर" असं सुनवायची. माळ्यावरची समई खाली यायची. सून चिंच आणि राख लावून ती घासायची, आणि आवडाबाई समईवरचा एखादा डाग हुडकून ती परत तिच्या हातात द्यायची. तिच्या मनासारखं काम करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं अख्खी वाडी म्हणायची.

रत्नागिरीपासून एस.टी.नं तासाभरावरची ही वाडी. वर्षभर तिथं बायका, म्हातारे आणि कोंबड्या. गणपतीला मुंबईचे चाकरमानी उतरले की वाडीत पुरुषाचा आवाज ऐकू यायचा. आवडाबाईचा धाकटा शिवा गोदीत कामाला होता, तोही रजा काढून आला होता. आल्या दिवशीच त्यानं गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला घेतली. आंब्याचे टाळे, रानातली कवंडळं, सुपारीचे घड, हिरवे नारळ, सगळं आवडाबाईनं आधीच जमवून ठेवलं होतं, आणि कुठलं कुठं बांधायचं तेही खालून तीच सांगत होती.

चौऱ्याऐंशी सालच्या या गणपतीला घरात दोन गोष्टी नवीन होत्या. वैशाखात शिवाचं लग्न झालं होतं, म्हणजे कमळा ही नवी सून घरात होती. आणि यंदा गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात येत होती.

गौरीपुढचा ओवसा हा लग्नाच्या बाईचा मान. नव्या कोऱ्या सुपात भोपळ्याची पानं, काकडी, फळं, नारळ, खण, हळदकुंकू मांडायचं आणि ते सूप गौरीसमोर डोलवून नवऱ्याला औक्ष मागायचं. पण नव्या सुनेचा पहिला ओवसा वाटेल तेव्हा होत नाही. पूर्वा लागल्यावर गौर आली तरच तो करायचा. नाहीतर नव्या सुनेनं वर्षभर थांबायचं, त्या वर्षीही जुळलं नाही तर आणखी थांबायचं. कमळाचं नशीब चांगलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी जुळून आलं होतं. रिवाज असा की आधी थोरल्या सुनेनं ओवसायचं, मग नवीनं तिच्या मागून.

आणि घरात थोरली सून होती हिरा.

हिरा म्हणजे आवडाबाईच्या थोरल्या मुलाची, दत्तारामाची बायको. दत्ताराम बेळगावला जाऊन पलटणीत भरती झालेला. एकाहत्तरच्या वैशाखात त्याचं लग्न झालं, गणपतीला तो रजेवर येऊन गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लढाई पेटली. पेटली तशी झटक्यात जिंकलीही. मास्तरांनी शाळेत पेढे वाटले, पोरांनी वाडीभर आरोळ्या दिल्या. त्या पेढ्यांची चव तोंडात असतानाच तार आली. दत्ताराम बेपत्ता.

मेला असं कोणी म्हटलं नव्हतं. आवडाबाईनं तेवढंच धरून ठेवलं. "हरवलेलं जनावर बी कवातरी गोठ्यात परत येतं, माजा तर माणूस हाय," असं तिनं समजूत घालायला आलेल्या बायकांना सांगितलं आणि हिराच्या कपाळाला कुणाला हात लावू दिला नाही. बारा वर्षं उलटून गेली. हिरा कुंकू लावत होती, हिरवा चुडा भरत होती, आणि दर गौरीला सूप घेऊन उभी राहत होती. वाडीत कुजबूज व्हायची. पण आवडाबाईसमोर बोलायची छाती कुणाची नव्हती.

एकट्या भिकाजीनं ती केली. भिकाजी हा भावकीतला जाणता माणूस. यंदा माघात तो ओटीवर येऊन बसला, पान जुळवलं, खाल्लं, आणि मग म्हणाला, "वयनी, बारा वर्सं झाली. शास्त्र सांगतं, माणूस बारा वर्सं आला नाय तर दर्भाचा पुतळा करून त्येला अग्नी द्यावा. दत्ताराम आमचा बी पोर व्हता. त्येला वाटंला लावूया."

"वाटंला लाव तुज्या बैलाला," आवडाबाई म्हणाली, आणि आत निघून गेली. भिकाजी तोंडात पान धरून थोडा वेळ तसाच बसला आणि घरी गेला.

आता खरं सांगायचं तर आवडाबाई काही खुळी नव्हती. आपला मुलगा यायचा नाही हे तिला रात्री-अपरात्री, कूस बदलताना, कळायचंच. पण ते मान्य करणं तिला परवडणारं नव्हतं. तिच्या उरात एक शल्य होतं आणि ते तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

एकाहत्तर साली, दत्ताराम रजेवर होता त्या गणपतीला, गौर मघा नक्षत्रातच आली. पूर्वा लागायला अवकाश होता. हिराचा ओवसा पुढच्या वर्षावर गेला. दत्ताराम आईच्या मागं लागला होता. चुलीपाशी उकिडवा बसून म्हणाला होता, "आई, करू दे की तिला. पुढच्या गौरीला मला रजा मिळंल न मिळंल. मला बघायचं हाय." आवडाबाईनं ऐकलं नाही. "नियम मोडून केलेला ओवसा उलटतो," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं, सुनेलाही ऐकू जाईल अशी. दत्तारामनं हात जोडले, थट्टेनं का होईना, तरी ती हलली नाही. रजा संपली, तो गेला.

मग तार आली आणि आवडाबाईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. त्या वर्षी सुनेनं गौरीकडे त्याचं औक्ष मागितलं असतं तर गौरीनं त्याला राखलं असतं. मागूच दिलं नाही आपण. पुढच्या वर्षी नक्षत्र जुळलं तेव्हा तिनं हिराला जवळजवळ ओढत गौरीपुढं उभं केलं, आणि तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नाही. सूप हिराच्या हातात असायचं, पण मागणारी आवडाबाई असायची.

गणपती आला. शिवा आणि वाडीतले गडी गुलाल उधळत मूर्ती डोक्यावरून घेऊन आले, माटवीखाली बसवली, आरत्या झाल्या, भजनाला ओटी भरून गेली. त्यानंतर गौर आणायच्या दिवशी कमळाची आई यमुनाबाई लेकीचा ओवसा घेऊन आली. माहेरचा ओवसा म्हणजे कसा, सूप, खण, फळं, नारळ, सगळं टोपलीत नीट झाकून, आणि टोपली उचलायला बरोबर तिचा दीर. यमुनाबाई गरीब स्वभावाची, कुणाला तोडून न बोलणारी. चहा झाला, मुलीचं कौतुक झालं, तरी ती पदराशी चाळा करत बसली होती.

"विहीणबाय," अखेर ती म्हणाली, "रागवू नका. पयला ओवसा हाय माज्या लेकीचा. तिनं कुणाच्या मागून ओवसायचं?"

"कुणाच्या म्हंजे? थोरलीच्या."

"थोरली गुणाची हाय. कमळा तिचंच नाव घेत असते. पण जिच्या धन्याचा बारा वर्सं ठावठिकाणा नाय, तिच्या सुपामागून माज्या पोरीनं औक्ष मागायचं..." तिनं लेकीकडे पाहिलं. "माजा जीव भितो वो. एकच जावई हाय मला."

कमळा दारात उभी होती, ती लाजेनं खाली बघायला लागली. आवडाबाईचा आवाज चढला. "शिवा माज्या पोटचा हाय. त्येची काळजी मला नाय, तुमाला हाय? या घरात थोरलीचं सूप आधी लागतं. ज्येला पटत नसंल त्येनं टोपली उचलावी." यमुनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. टोपली काही उचलली नाही.

स्वयंपाकघरात हिरा भाकऱ्या थापत होती. मधल्या भिंतीला वर फट होती, सगळं ऐकू जात होतं. भाकरी थापल्याचा आवाज मध्येच थांबला आणि परत सुरू झाला.

संध्याकाळी बायका पाणवठ्यावर जाऊन तेरड्याची गौर घेऊन आल्या. हळदीकुंकवाची पावलं उमटवत गौर घरात आली, साडी नेसली, नटली, गणपतीशेजारी बसली. हिरानं सगळं केलं. कमळेला सूप कसं मांडायचं तेही समजावून दिलं. फक्त तिचं स्वतःचं नवीन सूप भिंतीला टेकून तसंच रिकामं राहिलं. आवडाबाईनं ते पाहिलं, पण घरात पाहुणे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवसा. वाडीतल्या बायका नव्या लुगड्यांत माजघरात दाटून बसल्या होत्या. कमळेचं सूप भरून तयार होतं. हिराचं अजूनही रिकामं होतं. आणि हिरा तिथं नव्हती.

आवडाबाई मागच्या पडवीत गेली. हिरा विळीवर नारळ खवत बसली होती. नैवेद्य केव्हाच होऊन गेला होता, खवलेल्या नारळाचं आता कुणाला काम नव्हतं.

"सूप का भरलं नाय?" आवडाबाईनं विचारलं.

"भरायचं नाय, आई."

"इहिणीचं बोलणं लागलं तुला."

"त्यांचं काय चुकलं? लेकीची आय हाय, भिणारच." हिराचे हात चालूच होते. "मी मागं झाले तर सगळंच सुरळीत व्हईल. कमळेला ओवसू दे. आनि गणपती गेले की भिकाजीकाकांनी सांगितलंय ते करूया. पितृपक्ष येतोच हाय."

आवडाबाई पायरीवरच बसली. बारा वर्षं जे परक्यांच्या तोंडून आलं ते हुसकावता आलं होतं. हे घरातून आलं होतं.

"तू पन त्येला मारलास?" ती म्हणाली.

"मी कशाला मारीन, आई? पन मी ओवसायला उभी ऱ्हायले की तुमी माज्याकडं बघतच नाय. दारातून वाटंकडं बघता. दर वर्सी. मग गौर गेली की हातरूण धरता. मला बघवत नाय आता."

आतून बायकांचं गाणं ऐकू येत होतं. आवडाबाई विळीकडे बघत राहिली. मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"मला फेडायचं हाय गो ते. तुजा पयला ओवसा मी अडवला. त्येनं हात जोडले व्हते, तरी अडवला. त्या वर्सी तू औक्ष मागितलं असतंस तर गौरीनं त्येला राखला असता. माज्यामुळं गेला तो. म्हणून तुज्या हातनं दर वर्सी मागून घेत्ये, की आता तरी दे."

हिराचे हात थांबले. नारळाची वाटी तिच्या मुठीत तशीच राहिली. तिनं सासूकडे असं पाहिलं की आवडाबाईला वाटलं, हिला भोवळ येतेय.

"आई," ती म्हणाली, "मी ओवसले व्हते."

"कवा?"

"त्याच वर्सी. गौरीच्याच दिवशी. तुमी समद्या वरच्या आळीत कुणाच्यातरी ओवशाला गेला व्हता. घरात आमी दोघंच. त्यांनी ते तांदूळ पाखडायचं जुनं सूप आनलं, परड्यातलं भोपळ्याचं पान तोडलं, एक काकडी ठेवली. म्हणाले, गौर काय नक्षत्र बघत बसत नाय, आय बघते. मला हसू येत व्हतं आनि भ्या पन वाटत व्हतं. ते दारात राखण करत ऱ्हायले आनि मी ओवसले."

आवडाबाई पायरीवरून सरकून विळीजवळ आली.

"तुमी सांगितलं व्हतंत, नियम मोडून केलेला ओवसा उलटतो. तार आली तवा मला कळलं, उलटला. माज्या हातानं उलटला." हिरा रडत नव्हती. हे तिनं मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. "तुमच्या पोराला मी खाल्ला असंच धरून चालले. बाबा न्यायला आले व्हते दोनदा, आठवतंय? मी गेले नाय. तुमाला असं करून म्हायेरी कुठल्या तोंडानं जाऊ? तुमी ओवस म्हणालात, ओवसले. कुंकू ठेव म्हणालात, ठेवलं. तुमी हाकलून दिलं असतंत तरी गेले नसते."

आत गाणं संपलं. "आवडाकाकी, उशीर व्हतोय गो," असं कुणीतरी हाक मारून म्हणालं. आवडाबाईनं ऐकलं नाही. तिचं सगळं लक्ष एकाच ठिकाणी होतं.

"सूप जुनं व्हतं?" तिनं विचारलं.

"कडंला फाटलेलं."

"आनि तो हसत व्हता?"

"हसत व्हते. मी सूप डोलवलं तर काकडी खाली पडली, ती बी त्यांनीच उचलून परत ठेवली."

म्हणजे त्याला बघायचं होतं ते त्यानं बघितलं होतं. आवडाबाईच्या मनात बारा वर्षं एक दत्ताराम हात जोडून चुलीपाशी बसला होता, तोंड पाडून. तो तसा गेलाच नव्हता. आईच्या नाकावर टिच्चून, बायकोकडून ओवसा करवून घेऊन, हसत गेला होता. लहानपणापासून असाच होता तो. ज्याला नाही म्हणावं ते पाठीमागं करायचा. हसावं की रडावं, आवडाबाईला कळेना.

तिचं डोकं हळूहळू चालणारं, पण एकदा धरलं की सोडणारं नव्हतं.

"म्हंजे मी ओवसा अडवला म्हणून तो गेला," ती म्हणाली, "आनि तू केलास म्हणून गेला. दोनी कशी खरी असतील गो?"

हिरानं मान वर केली.

"तिकडं गोळ्या सुटत व्हत्या," आवडाबाई म्हणाली. "किती जणींची पोरं गेली. त्या समद्यांच्या बायकांनी काय चुकीच्या नक्षत्रावर ओवसलं व्हतं? लढाई व्हती ती, बाय. लढाईनं नेला त्येला. आनि आपण दोघी हितं एका चुलीवर भात शिजवून, एकमेकींना न सांगता, सुपाचा दोष धरून बसलो."

मग हिरा रडली. विळी बाजूला सरकवून, खोबऱ्याचे हात तसेच तोंडाला लावून रडली. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची पोर होती ती. आता कानशिलाला पांढरे केस दिसत होते. आवडाबाईला ते आज पहिल्यांदा दिसले. आपल्या दुःखात आपण या पोरीला किती कोंडून ठेवलं, हे तिला त्या घटकेला कळलं, आणि ते कळणं मुलगा जाण्याइतकंच कठीण होतं. तिनं हिराचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. मायेनं थोपटायची तिला सवय नव्हती. ती नुसती तिच्या केसांवरून जड हात फिरवत राहिली.

"कुंकवाचं काय करू?" बऱ्याच वेळानं हिरानं विचारलं.

"ते तुजं हाय. ठेव नायतर पूस. कोण बोलतो ते मी बघत्ये."

हिरानं तोंड धुतलं. दोघी माजघरात आल्या तेव्हा बायकांची कुजबूज बंद झाली. शिवा दाराशी उभा होता. यमुनाबाई लेकीशेजारी अंग चोरून बसली होती. हिराला रडलेली पाहून तिला वाटलं हे आपल्या बोलण्यानं झालं, आणि ती उठून काही सांगू लागली. आवडाबाईनं तिला हातानंच बसवलं.

"कमळा, सूप घे," ती म्हणाली. "आजपास्नं या घरात तुजा ओवसा पयला. थोरली ओवसायची नाय." तिनं श्वास घेतला. पुढचे शब्द तिनं कधी उच्चारले नव्हते, तेव्हा ते बाहेर यायला वेळ लागला. "माजा दत्ताराम लढाईत गेला."

कमळेनं सूप उचललं, पण नुसतंच धरून ती हिराकडे बघत राहिली. हिरा पुढं झाली, तिच्या मागं उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी सुपाला आधार दिला. "माग," ती हळूच म्हणाली. "शिवाभावजींना शंभर वर्सं माग." दोघींनी मिळून ते सूप गौरीपुढं डोलवलं. यमुनाबाई बघत होती. तिनं अडवलं नाही, हात जोडले.

आवडाबाई मात्र गौरीसमोर भुईला बसली आणि तिनं गळा काढला. दारात मढं असताना बाई जशी नाव घेऊन रडते तशी ती दत्तारामचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या सांगत, सणाच्या दिवशी, नटलेल्या गौरीपुढं रडली. असं रडणं अशुभ. वाडीतल्या म्हाताऱ्या एरवी एवढ्यातेवढ्याला बोट दाखवायच्या, पण त्यातली एकही तिला गप्प हो म्हणाली नाही. एकेक जणी सरकत जवळ आली आणि तिच्याभोवती बसली.